भावोजींची कॉइल आणि बाईंचा पाइप

माझे भावोजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, टेलिफोन एक्सचेंजमधून निवृत्त झाले तेव्हा ताईला वाटलं होतं, आता माणूस घरात दिसेल. दिसला, पण पाठमोरा. मधल्या खोलीत खिडकीशी टेबल, टेबलावर तारांचा गुंता आणि त्या गुंत्यावर वाकलेली त्यांची पाठ. "नोकरीत होते तेव्हा निदान संध्याकाळी तोंड तरी दिसायचं," ताई म्हणायची.

मी त्याच घरात मागच्या खोलीत राहते आणि कपडे शिवते. मधल्या खोलीत आणि माझ्या खोलीत भिंत अशी नाहीच, प्लायवुडचं पार्टिशन आहे. पलीकडे भावोजी खोकले की इकडे माझी टीप वाकडी जाते, आणि माझं मशीन सुरू झालं की तिकडे त्यांचा उसासा ऐकू येतो. त्यामुळे मी त्यांच्याबद्दल जे सांगते त्यातलं काही ऐकीव नाही. जे ऐकलंय ते पार्टिशनमधून स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

त्यांचा छंद नेमका काय, हे पाहुण्यांना समजावताना ताईची दमछाक होते, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडतं. तांब्याची तार सरळ असते तोवर गरीब असते. तिची गुंडाळी करून कॉइल केली की तिला स्वभाव येतो. तिच्यातून जाणारी वीज कमीजास्त व्हायला लागली की ती आडवी येते. किती आडवी येते, त्या मापाला म्हणायचं इंडक्टन्स. ते मोजणारे मीटर बाजारात मिळतात, पण मीटर खरं बोलतोय कशावरून? दुकानदाराचा तराजू तपासायला जसं खात्रीचं वजन लागतं, तशी मीटर तपासायला खात्रीची कॉइल लागते. तिला म्हणतात प्रमाण कॉइल. मोठ्या प्रयोगशाळांत त्या काचेच्या कपाटात ठेवलेल्या असतात. भावोजींना ती घरी करायची होती. घरातली आडवी येणारी माणसं मोजण्यापेक्षा हे सोपं आहे, असं मी तेव्हाच म्हणाले होते, आणि ताईने माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं होतं.

अशी कॉइल करायची तर आधी वाचायला लागतं, आणि वाचायला लागलं की कळतं, छापलेलं सगळंच खरं नसतं. इथे मात्र भावोजींचा हात कुणी धरावा? कुठूनकुठून मिळवलेले तांत्रिक लेख ते टेबलावर घेऊन बसत आणि एखाद्या खडूस सासूने सुनेचा स्वयंपाक चाखावा तसे चाखत. एका लेखातल्या आलेखावरचे सगळे ठिपके रेघेवर शहाण्यासारखे बसलेले. "खरे ठिपके असे बसत नाहीत," भावोजी म्हणाले, "खऱ्यांची ओढाताण दिसते." दुसऱ्या लेखात लिहिलेलं, मोजमाप खोलीच्या तापमानाला केलं. "कुठल्या खोलीच्या? माझ्या की स्वयंपाकघराच्या?" तिसऱ्यात उपकरणाचा फोटो होता आणि त्या उपकरणाला वायरच जोडलेली नव्हती. चौथ्याने लाकडी फूटपट्टीने लांबी मोजून उत्तर दशांशचिन्हापुढे सहा घरांपर्यंत दिलं होतं. तो वाचताना भावोजी इतके हसले की मला वाटलं, काही चांगलंच वाचतायत.

टेबलाखाली त्यांनी माझ्याकडून चिंध्यांच्या तीन टोपल्या लांबवून ठेवल्या होत्या. एकीत विश्वासाचे लेख, एकीत संशयाचे, तिसरीत केराचे. तिसऱ्या टोपलीतले कागद मी कटिंगला नेत असे. कागद चांगला जाड असे. मजकुराची हमी मी कधीच मागितली नाही.

भावोजींसारखी आणखी काही डोकी गावात होती. रविवारी दुपारी ती एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानामागे जमत. दुकानाचे मालक रेडिओवाले हे त्यांचे अध्यक्ष, कारण खुर्च्या त्यांच्या होत्या. या मंडळाची एक लहानशी पत्रिका निघे आणि तिच्या शेवटच्या पानावर भावोजींचं सदर असे, कुठला लेख कुठल्या टोपलीत गेला याचं. लोक म्हणे पत्रिका शेवटच्या पानापासून उघडत. भावोजींचं नाव झालं. दुसऱ्या गावांहून लोक लेख पाठवू लागले, "एकदा नजरेखालून घाला" म्हणून. भावोजी वरवर म्हणत, "कशाला हा व्याप," आणि पोस्टमन यायच्या वेळेला न चुकता दारात उभे राहत.

अखेर प्रमाण कॉइल गुंडाळायचा दिवस आला. कुठल्याशा बंद पडलेल्या प्रयोगशाळेतून त्यांनी जाड काचेचा नळा आणला होता. त्यावर तार अशी बसवायची की वेढ्याला वेढा चिकटून राहील, कुठे सैल नाही, कुठे ताण नाही. ताईकडे तारेचं रीळ दिलं आणि शिंकायचं नाही असं बजावलं. ती म्हणाली, "लग्नात अंतरपाट धरला होता त्यांनीसुद्धा एवढ्या अटी घातल्या नव्हत्या." नळा फिरवायचं काम भावोजींचं, आणि ताण बघायचं माझं, कारण दोऱ्याचा ताण बोटाला कळणं हे आमच्या धंद्यातलं. तेवढ्यापुरता त्यांनी मला मान दिला. पहिल्यांदा अर्ध्यात तार निसटली आणि सगळं परत उलगडायला लागलं. दुसऱ्यांदा ताई शिंकली. तिसऱ्यांदा मात्र अशी बसली की तिघंही नुसते बघत राहिलो. खरंच देखणी झाली होती.

मग मापं. नळ्याची जाडी, लांबी आणि वेढे यांवरून गणिताने एक आकडा येतो. शिवाय भावोजींकडे एक्सचेंजमधून मोडीत काढलेला ब्रिज, म्हणजे मोजायचं एक जुनं यंत्र, होतं. तो कॉइलला जोडायचा, कानाला हेडफोन लावायचा, त्यात बारीक शीळ ऐकू येते, आणि बटणं फिरवत फिरवत ती शीळ जिथे विझेल तिथला आकडा वाचायचा. हे चाललेलं असताना घरात पंखा बंद. कॉइलजवळ लोखंड आलं की तिचं माप बिघडतं, म्हणून आमच्याकडून किल्ल्या, घड्याळं, डोक्यातल्या पिनासुद्धा काढून घेतल्या जात. एकदा त्यांनी ताईला तिची कवळी विचारली होती. तिला कवळी नाही.

एवढं करून गणिताचा आकडा आणि ब्रिजचा आकडा जुळेनात. फरक थोडा, हजारात तिनाचा. आमच्याकडे एवढ्या फरकाला आम्ही माप चुकलं म्हणत नाही, गिऱ्हाईक जेवून आलंय म्हणतो. पण भावोजींची झोप उडाली. आणि अशात त्यांना डॉक्टरसाहेबांचा लेख सापडला. हे डॉक्टरसाहेब म्हणजे कुठल्यातरी मोठ्या संस्थेतले, नावापुढे पदव्यांची माळ. त्यांनी लिहिलं होतं की काचेवर गुंडाळलेल्या कॉइलला एक खास दुरुस्ती लागू होते, आणि ती दुरुस्ती वजा केली की सगळं ठीक होतं. दुरुस्ती किती? हजारात तीन.

तो लेख वाचताना भावोजी गुणगुणत होते. मी पार्टिशनमागून ऐकलं. लेख विश्वासाच्या टोपलीत गेला, आणि तोही सगळ्यात वर.

भावोजींची कॉइल मंडळाची प्रमाण कॉइल ठरली. जो तो आपला मीटर घेऊन घरी येई, भावोजी तो कॉइलला लावून जुळवून देत, ताई चहा करी. मग मंडळाने एक फिरती कॉइल केली, डबीत बंद केलेली लहानशी. वाचनालयातल्या पुस्तकासारखी ती प्रत्येकाच्या घरी जाई, प्रत्येकाने आपल्या मीटरने ती मोजायची आणि आकडा कळवायचा. सगळ्यांचे आकडे एकसारखे आले. मंडळाला कृतकृत्य वाटलं. रेडिओवाल्यांनी सर्वांना बिस्किटं दिली.

नंतर एका ठिकाणाहून मात्र वेगळा आकडा आला. मंडळात एक बाई होत्या, मुलींच्या शाळेत फिजिक्स शिकवणाऱ्या. त्यांनी आपला मीटर भावोजींच्या कॉइलवर जुळवला नव्हता, स्वतःची प्रमाण कॉइल स्वतः केली होती. त्यावर त्यांनी पत्रिकेसाठी लेख लिहिला आणि पहिल्याच पानावर, वरच, आपला आकडा देऊन टाकला. फिरत्या कॉइलचं माप मंडळ म्हणतं त्याहून हजारात तिनाने जास्त आहे.

एरवी एक लेख म्हणजे भावोजींची अख्खी दुपार. हा लेख हातात घेतला तेव्हा मी एका सदऱ्याची कॉलर लावायला बसले होते. पलीकडून "हं?" असा आवाज आला, मग फरफर पानं उलटल्याचा. मग ते म्हणाले, "पाइप!" माझी कॉलर व्हायच्या आत लेख तिसऱ्या टोपलीत गेला होता.

झालं होतं असं की बाईंनी आपली कॉइल चिनी मातीच्या पाइपावर गुंडाळली होती, इमारतीला सांडपाण्यासाठी बसवतात तसल्या. भावोजींनी सदरात लिहिलं, "लेखिकेने प्रमाण कॉइल गटाराच्या पाइपावर गुंडाळली आहे. आकडाही तिथूनच वाहत आला असावा." मंडळात हशा पिकला. रेडिओवाल्यांनी ते वाक्य येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवलं.

बाईंनी माझ्याकडे प्रयोगशाळेत घालायचा एप्रन शिवायला टाकला होता. पत्रिका निघाल्यावर त्या तो न्यायला आल्या. घालून बघा म्हटलं तर म्हणाल्या, "राहू द्या, बसेल. आता फारसा लागणार नाही." पार्टिशनपलीकडे भावोजी होते, मी मुद्दाम मोठ्याने विचारलं, "का हो बाई, लागणार का नाही?" त्या म्हणाल्या, "मी ते सगळं बंद केलंय." पैसे देऊन गेल्या. रविवारीही पुढे कधी आल्या नाहीत. मला भावोजींचा राग आला, आणि तो मी गिळला नाही. ताईला म्हटलं, "एका बाईचं तोंड बंद करून हसत बसलेत." ताई म्हणाली, "तुला त्यातलं काय कळतं?" मला त्यातलं काही कळत नव्हतं हे खरंच, पण त्या कशा आवाजात बोलल्या ते कळलं होतं.

पुढे माझ्या डोळ्यांनी कुरकुर सुरू केली. मागच्या खोलीत उजेड कमी, सुईत दोरा जाईना. म्हणून मी आणि ताईने माझं मशीन पुढच्या खोलीत खिडकीशी नेलं. आधी लोखंडी स्टँड सरकवत नेला, मग मशीनचं डोकं दोघींनी दोन्ही बाजूंनी धरून. ते ओतीव लोखंडाचं आहे, चांगलं जड.

भावोजी दर आठवड्याला आपली कॉइल तपासत. त्या खेपेला शीळ भलत्याच ठिकाणी विझली. मग आमच्या घराला ग्रहण लागलं. हवेत दमटपणा आहे का, ताईने टेबल पुसलं का, कुणी ब्रिजला हात लावला का. ताईने पुसलं होतं, त्यामुळे तिच्यावर आळ आला. ती म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं." भावोजींनी सगळे जोड परत डागले. आकडा तोच. काही केल्या जागेवर येईना.

अशात मला एक जाड पडदा शिवायला आला. पुढच्या खोलीत तो पसरायला जागा नव्हती, म्हणून मशीन तात्पुरतं मागे न्यायचं ठरलं. मी आणि ताई डोकं उचलून मागच्या दाराने माझ्या खोलीत शिरलो, पार्टिशनशी आलो, आणि पलीकडून भावोजी ओरडले, "कोण हललं?"

"आम्ही," ताई म्हणाली. "हात गळून पडतायत आमचे."

"तिथेच थांबा."

थांबलो. भावोजी हेडफोन कानावर ठेवूनच बोलत होते. "आता मागे जा. आणखी मागे. आता या पुढे. हळू. परत मागे." त्या दिवशी आम्ही दोघी बहिणींनी ते लोखंडाचं धूड हातात घेऊन जी कवायत केली, ती दुसऱ्या कुणी करायला लावली असती तर ते धूड मी त्याच्या पायावर सोडलं असतं. शेवटी आवाज आला, "ठेवा." आम्ही खाली ठेवलं आणि पलीकडे गेलो. भावोजींनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला होता.

"धाकटे," ते म्हणाले, "हे मशीन पार्टिशनला लागून कधीपासून होतं?"

"तुमच्या कॉइलच्या आधीपासून."

आमच्या डोक्यातल्या पिना काढून घेणाऱ्या माणसाच्या कॉइलशेजारी, एका प्लायवुडच्या अंतरावर, एवढा मोठा लोखंडाचा गोळा इतकी वर्षं बसून होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं मी म्हणाले. एरवी त्यांनी उलट काहीतरी सुनावलं असतं.

मशीन परत पुढच्या खोलीत नेल्यावर गणिताचा आकडा आणि ब्रिजचा आकडा तंतोतंत जुळत होते. कुठलीही खास दुरुस्ती लागत नव्हती. भावोजी दुकानात जाऊन फिरती कॉइल घेऊन आले, आपला मीटर नव्याने जुळवून ती मोजली. आकडा आला तो बाईंचा.

मग त्यांनी विश्वासाच्या टोपलीतून डॉक्टरसाहेबांचा लेख काढला. दुरुस्ती कुणी मोजली, कशाने मोजली, लेखात कुठे पत्ता नव्हता. ठिपके रेघेवर शहाण्यासारखे बसलेले. संदर्भ म्हणून दिलेले सगळे लेख डॉक्टरसाहेबांचे स्वतःचेच. "हा मी पास कसा केला?" भावोजी म्हणाले. ते स्वतःलाच विचारत होते, पण उत्तर माझ्याकडे तयार होतं. "आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. तुमचा आकडा सांभाळून घेतला त्याने."

त्या रविवारी भावोजींनी मंडळाला सगळं सांगितलं. हे मात्र त्यांनी लपवलं नाही, एवढं श्रेय मी देते. मंडळाला ते फारसं आवडलं नाही. रेडिओवाले म्हणाले, "आता सगळ्यांचे मीटर सारखेच चुकतायत ना? मग चूक राहिली कुठे?" बराच वेळ वाद झाला. शेवटी पत्रिकेत एक छोटी दुरुस्ती छापायचं ठरलं, आणि ती छापली, पान भरायला जागा उरली होती तिथे. ताईला वाटलं, विषय मिटला.

"बाई पत्रिका घेतात का अजून?" मी विचारलं.

"नाही," भावोजी म्हणाले.

"मग छापलीत कुणासाठी?"

ते दोन दिवस नीट जेवले नाहीत, ताटात बोटाने वेढे काढत बसले. मला एवढंच कळत होतं की त्या बाईंनी हातातलं काम खाली ठेवलंय ते यांच्या एका वाक्यामुळे, आणि ते परत उचलायला लावायचं तर वाक्य छापून भागणार नाही, पायाने चालत जावं लागेल. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "तू येतेस का बरोबर? तुझ्या त्या गिऱ्हाईक आहेत." एप्रन एकच शिवला होता, पण म्हटलं चला.

शाळा सुटल्यावर गेलो. प्रयोगशाळेत उंच स्टुलं, ओट्यावर जळाल्याचे काळे डाग, भिंतीला ओल. बाई भिंगं पुसून खोक्यात ठेवत होत्या. आम्हाला बघून त्या थबकल्या, मग स्टुलाकडे हात केला. भावोजींनी सुरुवात केली शाळेच्या इमारतीपासून. किती जुनी आहे, भिंती किती जाड आहेत. मग खिडक्यांवर आले. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. मी त्यांच्या पायावर पाय दिला. तेव्हा कुठे त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. त्यात मशीनची सगळी हकीकत लिहिली होती, आकड्यांसकट.

बाईंनी तो कागद पेपर तपासावा तसा वाचला. चेहऱ्यावर काही दिसेना. वाचून झाल्यावर घडी घालून परत दिला.

"तुमची कॉइल एकदा बघायला मिळेल का?" भावोजी म्हणाले.

"उलगडली मी ती. तार मुलींना दिली, इलेक्ट्रोमॅग्नेट करायला. पुरली पुष्कळ दिवस." त्यांनी कोपऱ्याकडे मान हलवली. तिथे तो पाइप उभा होता आणि त्यात गुंडाळलेले तक्ते खोचून ठेवले होते.

भावोजी पाइपाकडे बघत राहिले. मग खाली बघून म्हणाले, "बाई, माझं चुकलं. मी ते पाइपाचं वाक्य लिहायला नको होतं. तुमचा आकडा बरोबर होता. माझा आता तुमच्याशी जुळला."

मला वाटलं, आता बाई म्हणतील, जाऊ द्या. चांगली माणसं तसंच म्हणतात. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या रागाने बोलल्या. "म्हणजे तेव्हा जुळला नाही म्हणून खोटा, आणि आज जुळला म्हणून खरा. लेख आणलाय का माझा?"

भावोजींनी लेख आणला नव्हता. तो माझ्या कटिंगच्या गठ्ठ्यात एका बाहीच्या आकाराचा झाला होता, हे मी अर्थातच बोलले नाही.

"तुम्ही तो वाचलेलाच नाही अजून," बाई म्हणाल्या. "मी पाइप का घेतला, हे दोन पानं लिहिलंय मी. चिनी माती उन्हाने फुगत नाही, ओल धरत नाही. किती पाइप टाकून दिले तेही लिहिलंय. कुणीतरी विचारावं म्हणून लिहिलं होतं. लोकांच्या थापांचे लेख तुम्ही दुपारभर वाचता, म्हणून तुमच्याकडे पाठवला होता."

भावोजींचा चेहरा पडला. मला त्यांची दया आली आणि बरंही वाटलं, दोन्ही एकदम. मग ते म्हणाले, "प्रत असेल तर इथेच वाचतो."

बाईंनी ड्रॉवर उघडून लेख काढला आणि ओट्यावर ठेवला. भावोजींनी चष्मा पुसला, पेन्सिल मागून घेतली आणि वाचायला बसले. बाई परत भिंगं पुसू लागल्या, आधी पुसून झालेलीसुद्धा. मी खिडकीशी उभी राहिले. शिपाई दारं लावायला आला आणि आम्हाला बघून परत गेला. भावोजी एकेक ओळ पेन्सिल टेकवत वाचत होते. पाइपाची दोन पानं त्यांनी दोनदा वाचली आणि मान हलवली. बाईंनी ते चोरून बघितलं.

पुढच्या पानावर पेन्सिल थांबली. ती थांबण्याची पद्धत मला पार्टिशनमधूनसुद्धा ओळखू येते. त्यांना काहीतरी सापडलं होतं. मी डोळ्यांनी खुणावलं, आज नको. त्यांनी मला पाहिलं, आणि एकदा वाटलं, गिळतील. माफी मागायला आलेल्या माणसाने चूक काढायची म्हणजे काय.

"बाई," ते म्हणाले, "पाइपापासून मीटरपर्यंत तारेची दोन टोकं आणलीत तुम्ही. त्या टोकांचंही माप येतं. ते हिशेबात धरल्याचं मला कुठे दिसलं नाही."

बाई ओट्याशी आल्या. लेख आपल्याकडे वळवून घेतला, पान मागे उलटलं, पुढे उलटलं. त्यांनी त्याच पेन्सिलीने कडेला काहीतरी आकडेमोड केली.

"नाही धरलं," त्या म्हणाल्या. "राहिलं माझ्याकडून." आणि स्टूल ओढून भावोजींच्या शेजारी बसल्या. "म्हणजे माझा आकडा थोडा सरकेल."

"थोडासाच. पण सरकेल."

"मग तो आता तुमच्याशी जुळणार नाही."

"नाही जुळणार," भावोजी म्हणाले.

"मग खरा कुणाचा?" मी विचारलं. एवढी पायपीट करून आल्यावर मला विचारायचा हक्क होता.

दोघांनी माझ्याकडे वर बघितलं. दोघांनाही माहीत नव्हतं, आणि दोघांच्या चेहऱ्यावर त्याचाच आनंद होता. बाई उठल्या, कोपऱ्यात गेल्या, पाइपातले तक्ते एकेक करून काढून कपाटावर ठेवले आणि खुंटीवरचा एप्रन काढून त्याच्या टोकाने पाइप आतून-बाहेरून पुसला. मग भावोजींना म्हणाल्या, "माझ्याकडची तार संपली. तुमच्याकडे आहे का?"